घाटातल्या पावसासाठी हेडलाइट: साधा हॅलोजन, शंभर-नव्वद की एलईडी?

गणपतीला गाडी गावाकडे निघायच्या आधी हा प्रश्न हमखास येतो. कशेडी किंवा आंबा घाटात रात्री पावसात रस्ता दिसत नाही, मग बल्ब कुठला टाकू? कंपनीतून एच-४ हॅलोजन आलेला असेल, तर ६०/५५ वॉटचाच चांगला बल्ब ठेवा, असं माझं ठाम मत आहे.

एच-४ मध्ये टंगस्टनच्या दोन तारा असतात, एक अप्परची (६० वॉट), एक डिप्परची (५५ वॉट). डिप्परच्या तारेखाली धातूची छोटी वाटी असते. ती खालचा उजेड अडवते, उरलेला रिफ्लेक्टरवरून रस्त्याकडे झुकतो आणि समोरच्याचे डोळे वाचतात. तापलेल्या तारेतून टंगस्टन उडत राहतं, पण आतलं आयोडीन किंवा ब्रोमीन ते काचेवर साचू देत नाही, परत तारेकडे आणून सोडतं. यासाठी काच २५० अंशांच्या वर तापावी लागते, म्हणून ती क्वार्ट्झची असते. तिला बोटाचं तेल लागलं की ती त्याच जागी खराब होते. बल्ब नेहमी बुडाला धरून बसवा.

१००/९० वॉटचा बल्ब लावला की उजेड वाढतो, हे खरं. पण ५ अँपिअरच्या जागी ८ च्या वर करंट जातो. रिले (बॅटरीतून थेट बल्बला करंट देणारा स्विच) आणि जाड वायर नसेल तर होल्डर वितळतो, रिफ्लेक्टरही करपतो.

एलईडी कमी करंट खाते, टिकतेही जास्त. पण हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये तिचे चपटे दिवे तारेच्या नेमक्या जागी बसत नाहीत. मग डिप्परच्या उजेडाची वरची कड फिसकटते, घाटाच्या वळणावर समोरचा आंधळा होतो आणि धुक्यात आपल्याच डोळ्यांपुढे पांढरा पडदा उभा राहतो. कंपनीतूनच एलईडी आलेल्या गाडीची गोष्ट वेगळी, तिथे सगळी रचनाच तिच्यासाठी असते.

आपल्या कोकणात उजेडाचा खरा चोर मात्र खारी हवा आहे. अर्थिंग (दिव्याची गाडीच्या बॉडीला जोडलेली वायर) गंजलं आणि बल्बला व्होल्टेज १० टक्के कमी मिळालं, की उजेड जवळपास ३० टक्के घटतो. मालवणात माझ्या गाडीचा डावा दिवा असाच मंदावला होता. नवा बल्ब घ्यायला निघालोच होतो, तेवढ्यात अर्थिंगचा नट काढून पाहिला. खाली हिरवट थर साचलेला. पॉलिश पेपरने घासून, वर ग्रीस लावून घट्ट आवळला आणि तोच जुना बल्ब उजव्याच्या बरोबरीने पेटला.