वजनकाटा नसलेल्या वर्गात आठ महिने: वर्ग चांगला, पट्टा आखूड

मंगळवार-शुक्रवारचा बायकांचा खाण्या-व्यायामाचा वर्ग, बीपीही मोजतात, महिना दोनशे रुपये, समाजमंदिराचा हॉल, वजन करत नाहीत. हे आता आमच्या भागात बहुतेक जणींना ठाऊक आहे, म्हणून परत सांगत बसत नाही. मला बोलायचंय ते बीपीच्या पट्ट्याबद्दल.

जूनमधल्या एका मंगळवारी माझ्या दंडाला पट्टा बांधला, मशीनने हवा भरायला घेतली आणि मधेच वेल्क्रो चर्रकन सुटला. हॉलमध्ये पंधरा-सोळा बायका. कुणी हसलं नाही, हे कबूल करते. मदतनीस मुलीने पट्टा पुन्हा आवळला आणि वरून हाताने दाबून धरला. आकडा आला 154/94. दोन दिवसांनी दवाखान्यात गेले, तिथेही तसलाच पट्टा, तसाच आकडा. डॉक्टरांनी दंडाकडे बघितलंच नाही. मला एकदा वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "आधी वजन कमी करा." तपासणी फी तीनशे.

मी बावीस वर्षं शाळेचे गणवेश शिवते. दंडघेर न बघता बाही कापली आणि पोराचा हात अडकला, तर शाळा माल परत पाठवते. पोराला दंड बारीक करून ये म्हणून कुणी सांगत नाही. घरी येऊन टेप लावला. सव्वाचौदा इंच, म्हणजे 36 सेंटिमीटर. पुढच्या वर्गाला पट्टा हातात घेऊन उलटासुलटा केला, तर कडेला बारीक अक्षरांत छापलेलं: 22–32. सहा महिने आम्हा सगळ्यांना तोच एक पट्टा लावत होते आणि कडेचं कुणी वाचलं नव्हतं. मीसुद्धा नाही, आणि मापं वाचणं हा माझा धंदा.

आता माझा मूर्खपणा. नवीन पट्ट्याला पैसे कशाला घालायचे म्हणून तोच घरी आणला, मशीनला सोळा नंबरची सुई लावली आणि दप्तराच्या ऑर्डरमधला उरलेला वेल्क्रो पाच इंच जोडला. शिलाई अशी बसली की कंपनीवाल्यानेही बघत राहावं. आता सुटणार नाही म्हणून खुशीत मोजलं, तर 156. भाची नर्सिंगला आहे. ती पोट धरून हसली. म्हणाली, "मावशी, कापड वाढवून काय उपयोग? आतला रबरी फुगा तेवढाच आहे." तो फुगा दंडाच्या घेराच्या साधारण 80 टक्के लपेटला पाहिजे. आखूड पडला की नस दाबायला जास्त हवा लागते आणि मशीन ती हवा तुमच्या नावावर लिहितं. तिनेच सांगितलं की 2023 मध्ये अमेरिकेत यावर अभ्यास झाला. मोठा पट्टा लागणाऱ्यांना नेहमीचा लावला तर वरचा आकडा सरासरी जवळपास 5 ने जास्त येतो, आणि जादा मोठा लागणाऱ्यांना लावला तर जवळपास 20 ने. मोठे पट्टे बाजारात मिळतात, फक्त मागावे लागतात.

माझ्या शेजारच्या अक्का विड्या वळतात. त्यांचा दंड 43. वर्गाच्या वहीत सहा महिने त्यांच्या नावापुढे 168, 170, 166 असे आकडे आणि प्रत्येक वेळी लाल गोल. त्या लाल गोलाच्या धास्तीने त्या दोन महिने येईनाशा झाल्या होत्या. ज्या वर्गात जाडीवरून कुणाला बोल लावायचा नाही असं पहिल्या दिवशी सांगितलं, तिथे हे काम एक दीड वितीचा पट्टा गुपचूप करत होता.

बाकी वर्गाबद्दल. वजन न मोजणं ही मला सुरुवातीला पळवाट वाटली. त्याआधी मी जेवणाऐवजी पावडरीचा शेक प्यायला लावणाऱ्या एका क्लबात जायचे. पावडरीच्या डब्यांना नऊ हजार गेले, सहा किलो उतरलं आणि वर्षात आठ किलो परत आलं. तिथे रोज सकाळी काट्यावर उभं करायचे आणि उतरलं की टाळ्या. इथे काटा नाही, टाळ्या नाहीत, मग पैसे कशाचे? म्हणून मी चोरून मेडिकलच्या बाहेरच्या मशीनवर पाच-पाच रुपये टाकत होते. डिसेंबरात 78.4, एप्रिलमध्ये 78.1. तीनशे ग्रॅमसाठी पाच महिन्यांची फी! त्या दिवशी वर्ग सोडायचं जवळजवळ ठरलं होतं.

वर्ग घेणाऱ्या ताईंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी पुण्याच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांची गोष्ट सांगितली. 2004 साली लॅन्सेटमध्ये त्यांचा आणि लंडनच्या डॉ. जॉन युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापून आला. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या हिशेबातलं वजन, तोच, 22.3. अंगातली चरबी मात्र युडकिनांची 9.1 टक्के आणि आपल्या याज्ञिकांची 21.2. साइज एकच, आतलं अंग निराळं. मला पटलं, पण अर्धंच. ही गोष्ट ताईंवरही उलटते ना? दिसायला सडपातळ बाईच्याही पोटात साखरेचं मूळ असेल, तर निदान कंबर मोजायला काय हरकत होती? टेप माझ्या पिशवीत कायम असतो. ताई म्हणाल्या, काटा गेला आणि टेप आला तर बायका टेपलाच घाबरतील. माझं मत अजून बदललेलं नाही.

खाण्याचा भाग मात्र कुठून तरी उचलून आणलाय. "भूक लागल्यावर थांबा आणि स्वतःला विचारा, मला काय खावंसं वाटतंय?" सगळ्या हॉलमध्ये खसखस. अक्का म्हणाल्या, "ताई, मला काय वाटतंय ते घरात शेवटी कळतं, पातेल्यात काय उरलंय ते बघून." शिळी भाकरी, पोरांनी टाकलेला भात संपवायचं काम कुणाचं? यावर त्यांच्या कागदात एक ओळ नव्हती. ताई शहाण्या, त्यांनी ओशाळून पुढचे दोन तास फक्त याच विषयावर घेतले आणि ते दोन तास सगळ्यांत उपयोगाचे झाले. मी आता आधी माझं ताट वाढून घेते. पहिल्या दिवशी सासूबाई काही बोलल्या नाहीत, नुसत्या बघत राहिल्या.

व्यायाम साधा. जेवणानंतर दहा मिनिटं चालणं, रबरी पट्ट्या ओढणं, खुर्चीवरून हात न टेकता उठणं. हातवाल्या प्लास्टिकच्या खुर्च्या मांड्यांना रुततात, बिनहाताच्या मागवा म्हणून दोनदा सांगितलं.

इथपर्यंत जुलैमध्ये लिहून ठेवलं होतं आणि खाली "पैसे वाया" असंही लिहिलं होतं. ते आता खोडलं. ऑगस्टमध्ये तीन महिन्यांच्या सरासरी साखरेची तपासणी केली. डिसेंबरात 7.2 होती, आता 6.6. साखरेची गोळी तीच, वजन तेच. खुर्चीवरून तीस सेकंदांत आठदा उठत होते, आता चौदादा. आणि आकड्यांपेक्षा मोठं म्हणजे, खाली बसून कापड बेतल्यावर उठताना आता मशीनचा पाय धरावा लागत नाही.

ताई सांगतात की अमेरिकेत 2005 च्या एका अभ्यासात 78 बायका होत्या. डाएटच्या गटातल्या 41 टक्के मधेच गेल्या, वजन न बघणाऱ्या गटातल्या 8 टक्के. आमच्यात बावीसपैकी सतरा टिकल्या. ज्या गेल्या त्यांतल्या तिघी पाण्यापायी गेल्या. चार-पाच दिवसांआड येणारं पाणी वर्गाच्या वेळेला आलं की कोण येणार? मे महिन्यात पत्र्याखाली बसवेना म्हणून वर्ग सकाळी सातला ठेवला, तेव्हा तर हाल विचारू नका.

पट्ट्याचं पुढे असं झालं. वर्ग चालवणाऱ्या मंडळाकडे मोठा आणि जादा मोठा असे दोन पट्टे मागितले. उत्तर आलं, यंदाच्या बजेटमध्ये नाही. 8 मार्चला फ्लेक्स, शाल, नारळ, पाहुण्यांचा नाश्ता यांना बजेट होतं. शेवटी मीच दोन्ही घेतले, 1,350 रुपये, पावतीसकट. माझा आकडा आला 144/90, अक्कांचा 146. म्हणजे बीपी नाहीच असं नाही, आणि तसं समजून कुणी गोळ्या बंद करू नका. दुसऱ्या डॉक्टरांनी आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घरी मोजायला लावलं. माझी सरासरी 132/84 निघाली. मीठ कमी, तीन महिन्यांनी परत या, असं झालं. शेंगाचटणीत मीठ किती पडतं ते मी पहिल्यांदाच चमच्याने मोजलं. अक्कांना गोळी लागलीच, पण एक, आणि त्या पुन्हा वर्गाला यायला लागल्यात.

पट्टे माझ्या पिशवीत असतात, वर्गात काढते, वर्ग सुटला की घरी नेते. अध्यक्षबाईंना पावती दाखवली. म्हणाल्या, पुढच्या मीटिंगला विषय घेऊ. मीटिंग 24 तारखेला आहे. त्या दिवशी आमच्याकडे पाणी.