मनीच्या मिशा: प्रोक्रिएट की क्रिटा?
आमची मनी झोपलेली असली तरच तिचं चित्र जमतं. तेव्हा आयपॅडवरचं प्रोक्रिएट हे चित्रं काढायचं अॅप सोयीचं: मांडीवर घेतलं की सुरू. पैसेही एकदाच भरायचे. पण ए-४, ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), म्हणजे २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा कॅनव्हास घेतला की लेयरच्या, म्हणजे एकावर एक रंगवायच्या पारदर्शक थरांच्या, संख्येला मर्यादा येते. आणि केसाळ प्राण्याला लेयर हवेतच! तळाशी गडद रंग, वर केसांचे झुबके, शेवटी एकेक उजळ केस.

फोटोवरून निवांत रंगवायचं असेल तर मी संगणकावरचं क्रिटा हे चित्रकलेचं सॉफ्टवेअरच उघडते. ते फुकट आहे, विंडोज आणि लिनक्सवर चालतं. स्टॅबिलायझर लावला की मिशीची रेघ थरथरत नाही (प्रोक्रिएटमध्ये हीच सोय स्ट्रीमलाइन नावाने आहे). फक्त साध्या, पडदा नसलेल्या पेन टॅब्लेटवर हात खाली आणि नजर समोर संगणकाच्या पडद्यावर. सुरुवातीला मनीचे कान भलतीकडेच उगवायचे.