नॅस्ट्रॅन: विमानाच्या स्ट्रेसच्या कामात बरेच महिने वापरल्यानंतर

पुण्यात बसून बाहेरच्या विमान कंपनीच्या स्ट्रक्चरचं काम करतोय, त्यात गेले बरेच महिने रोज नॅस्ट्रॅन (लोड आल्यावर स्ट्रक्चरमध्ये किती ताण येतो, ते किती वाकतं हे काढणारं सॉफ्टवेअर) वापरतोय म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हे मूळचं नासाचं. १९६४ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की प्रत्येक सेंटर स्ट्रक्चरल अ‍ॅनालिसिसचा आपापला प्रोग्राम लिहीत बसलंय, मग सगळ्यांसाठी एकच करायचं ठरलं आणि मॅकनील-श्वेंडलरसारख्या बाहेरच्या कंपन्यांना धरून तो लिहून घेतला. १९७१ मध्ये तो नासाबाहेर खुला झाला, पुढे कमर्शियल व्हर्जन आली आणि रॉकेटवाल्यांचं हत्यार विमानवाल्यांच्या हातात गेलं. माझ्या मते यातली खरी कमाई सॉल्व्हरपेक्षा, म्हणजे गणित सोडवणाऱ्या भागापेक्षा, इनपुट फाइल आहे.

साधी टेक्स्ट फाइल, पंच कार्डच्या जमान्यातली, ८० कॉलम, आठ-आठ अक्षरांचे दहा फील्ड. कस्टमरनं पाठवलेलं विंग पॅनेल नोटपॅडमध्ये उघडलं तरी कुठला ग्रिड (मॉडेलमधला बिंदू), किती जाडी, कुठलं मटेरियल सगळं वाचता येतं, त्यांनी मॉडेल कशात बनवलं याच्याशी आपल्याला काही घेणं नाही आणि आपली फाइल तेही त्यांच्याकडे जशीच्या तशी रन करून तपासतात. पार्टनर म्हणून काम करताना याच्याइतकी मोलाची गोष्ट दुसरी नाही.

त्रास आहेच. मॉड्युलस (मटेरियलचा कडकपणा) ७१००० लिहिलं आणि पुढे टिंब दिलं नाही की लगेच फेटल एरर, रन थांबतो. युनिट तर त्याला कळतच नाहीत, मिलिमीटर-न्यूटनमध्ये असाल तर डेन्सिटी टनात द्यायची, अ‍ॅल्युमिनियमला २.८ई-९, तिथे किलोचा आकडा गेला तर रन गुमान पूर्ण होतो पण वजन आणि फ्रिक्वेन्सी दोन्ही चुकतात. म्हणून एफ०६ मध्ये, म्हणजे निकालाच्या टेक्स्ट फाइलमध्ये, आधी वजन बघा, मग लावलेला एकूण लोड आणि आधारांवरची रिअ‍ॅक्शन जुळतायत का ते, रंगीत प्लॉट सगळ्यात शेवटी.

आणि बोल्टच्या भोकावर लोड द्यायला सरसकट आरबीई२ (बिंदू कडक जोडणारा एलिमेंट) टाकू नका, भोवतीचे नोड (म्हणजे ग्रिडच) एकमेकांना कडक बांधले जातात आणि भोकाजवळचा स्ट्रेस कमी दिसतो, आरबीई३ नुसता लोड वाटून देतो.

लायसन्स महाग आहे, एकट्यादुकट्याला परवडणारं नाही. पण नासाची जुनी नॅस्ट्रॅन-९५ फोर्ट्रान सोर्सकोडसकट नेटवर फुकट मिळते, इंजिनीअरिंगच्या पोरांनी ती नक्की घ्यावी, एक कॅन्टिलिव्हर बीम (एकाच टोकाला पक्की धरलेली तुळई) हातानं टाइप करून सोडवावा आणि डिफ्लेक्शन वहीतल्या उत्तराशी ताडून बघावं.