गाळ पचवायचा कसा: साधा डायजेस्टर की मेम्ब्रेनचा?

मुळा-मुठा स्वच्छ करण्याच्या योजनेत पुण्यात ११ नवी मैलापाणी शुद्धीकरण केंद्रं आहेत, एकूण ३९६ एमएलडीची, म्हणजे रोज ३९६ दशलक्ष लिटरची. बोललं जातं ते पाण्याबद्दल. मागे उरणाऱ्या गाळाचा विषय सगळ्यात शेवटी निघतो. अशा एखाद्या केंद्राचा निर्णय तुमच्या टेबलावर आला असेल, तर आधी एकच आकडा मागा: डायजेस्टरमध्ये, म्हणजे सूक्ष्मजीव गाळ कुजवून मिथेनचा गॅस काढतात त्या हवाबंद टाकीत, जाणाऱ्या गाळात घन भाग किती टक्के आहे?

साध्या डायजेस्टरमध्ये गाळ आणि पाणी बरोबर आत येतात, बरोबरच बाहेर पडतात. मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव फार सावकाश वाढतात, म्हणून ३५ अंशांना साधारण २० दिवसांचा मुक्काम धरतात. रोज १०० घनमीटर गाळ म्हणजे २,००० घनमीटरची टाकी. मेम्ब्रेन म्हणजे अतिबारीक छिद्रांची गाळणी, तिच्यातून फक्त पाणी गाळून निघतं. ते आठ दिवसांत बाहेर काढता येतं आणि गाळ मात्र २५ दिवस आत ठेवता येतो. टाकी निम्म्याहून लहान होते.

म्हणून पातळ गाळ असेल तर मेम्ब्रेन घ्या, असं सुचवलं जातं. मला ते पटत नाही. १०० घनमीटर गाळ २० अंशांवरून ३५ वर न्यायला सुमारे १,७५० युनिट (किलोवॅट-तास) उष्णता लागते. गाळ एक टक्क्याचा असेल तर त्यातून निघणाऱ्या गॅसची उष्णताही जवळपास तेवढीच, म्हणजे सगळा गॅस बॉयलरमध्येच जातो. आणि पुण्यात जानेवारीच्या पहाटे पारा दहाच्या खाली उतरतो! तोच गाळ थिकनरमधून, म्हणजे पाणी काढून गाळ घट्ट करणाऱ्या यंत्रातून, आधी चार टक्क्यांचा करून घेतला, तर गॅस तेवढाच, पण तापवायचं पाणी पाव हिश्शावर येतं. टाकीही तितकीच आटते. थिकनर हे काम आधीच आणि स्वस्तात करतो.

मेम्ब्रेनचा खरा त्रास तुंबण्याचा. एका प्रकल्पावर मॉड्यूल, म्हणजे मेम्ब्रेनच्या पोकळ तंतूंचा जुडगा, वर उचललं तेव्हा मी शेजारी उभा होतो. तंतूंच्या मुळाशी माणसांच्या केसांच्या दोऱ्या वळल्या होत्या, वर काळा बुळबुळीत थर. दोघांची अर्धी दुपार ते सोडवण्यात गेली. म्हणून आधी बारीक चाळणी हवीच. धुवायला सेंद्रिय थराला हायपोक्लोराइट, क्षारांना सायट्रिक ॲसिड. टाकीतला गाळ तीन-चार टक्क्यांच्या वर गेला की पाणी गाळलं जाण्याचा वेगही पडतो. गाळून निघालेलं पाणी स्वच्छ दिसलं तरी त्यात अमोनिया भरपूर असतो. तो केंद्राच्या सुरुवातीला परत येतो, तो काढायला तिथला हवा पुरवणारा एअर ब्लोअर तेवढा जास्त चालवावा लागतो.

मग मेम्ब्रेन कुठे? टाकी आधीच बांधलेली आहे, वस्ती वाढून गाळ वाढलाय, एका बाजूला नदी, दुसऱ्या बाजूला सोसायटी, दुसरी टाकी उभारायला जागाच नाही. तिथे मी मेम्ब्रेनच निवडेन. फक्त मेम्ब्रेन बदलायचा खर्च आणि धुलाईला लागणारी माणसं, दोन्ही निविदेतच लिहून घ्या.