मोठा केग हवाय? आधी उचलून बघा

सेंट पॉलच्या बाजूला घरी बिअर बनवायचं सामान विकणारं एक दुकान आहे, हे त्याबद्दल. मिनीॲपोलिसच्या घरात, बेसमेंटमध्ये, मी सहा वर्षं बिअर बनवतोय. बाबा नाशिकहून आले की त्याला सरळ हातभट्टी म्हणतात. १९७८ साली जिमी कार्टर यांनी कायद्यावर सही केली, तेव्हापासून इथे एका प्रौढाला वर्षाला १०० गॅलन आणि दोन किंवा जास्त प्रौढांच्या घराला २०० गॅलन बिअर स्वतःपुरती, बिनकराची बनवता येते, हे त्यांना दर उन्हाळ्यात नव्याने सांगावं लागतं. विकायची मात्र नाही. बायको बिअरला शिवत नाही, पण तिच्या नावावरचे १०० गॅलन मी सोडलेले नाहीत.

अडचण बाटल्यांची होती. मी एका वेळी १० गॅलन बनवतो, म्हणजे शंभरावर बाटल्या धुवा, भरा, बुचं ठोका. त्यात मुलीच्या ग्रॅज्युएशनची पार्टी जूनमध्ये. तेव्हा ठरवलं, आता एकच दणदणीत केग, म्हणजे बिअर साठवायचा धातूचा पिंप, घ्यायचा आणि मोकळं व्हायचं.

एका मित्राचा सल्ला असा, की बिअरच्या दुकानातून हाफ बॅरल उचल, बिअर संपव आणि डिपॉझिट सोडून दे. ऐकायला झकास. पण तो केग ब्रुअरीच्या मालकीचा असतो, डिपॉझिट सोडलं म्हणून आपला होत नाही. शिवाय नाव हाफ बॅरल असलं तरी त्यात १५.५ गॅलन मावतात, आणि भरलेला केग ७० किलोंच्या पुढे जातो. तोंड एवढंसं, आत हात जात नाही. आत काय चिकटलंय ते कळणार कसं?

मग एका ऑनलाइन विक्रेत्याकडून पाच गॅलनचा जुना कॉर्नी केग मागवून बघितला. हे केग मुळात सोड्याच्या कंपन्यांचे, त्यातून सरबताचा पाक यायचा. पुढे पाक खोक्यातल्या पिशवीतून यायला लागला आणि हे डबे आमच्यासारख्यांच्या हाती आले. नळी जोडायची पद्धत दोन प्रकारची, पेप्सीवाले बॉल लॉक, कोकवाले पिन लॉक. माझ्या वाट्याला आलेल्यात आधी रूट बिअर असावी, नावात बिअर असलं तरी ते गोड शीतपेय. ज्यांनी ती चाखली नाही त्यांच्यासाठी सांगतो, वास थेट आयोडेक्सचा. गरम पाण्याने तीनदा धुतला, तरी पहिली बॅच पाठदुखीवर चोळण्याच्या लायकीची निघाली. वर झाकणातून बिअरमध्ये भरायचा कार्बन डायऑक्साइड गॅस गळत होता, एका रात्रीत पाच पौंडांचा सिलिंडर रिकामा. विक्रेत्याने ईमेलला उत्तर दिलं नाही.

हे रडगाणं घेऊन सेंट पॉलच्या बाजूला असलेल्या या दुकानात गेलो. काउंटरवरच्या म्हाताऱ्याने केग हातात घेतला, हुंगला आणि म्हणाला, "धातूला वास लागत नाही, रबराला लागतो." सगळ्या ओ-रिंग, म्हणजे रबरी वायसर, बदलल्या, झाकणाची मोठी आणि पोस्टच्या (जिथे गॅसची आणि बिअरची नळी जोडतात त्या तोट्यांच्या) छोट्या. नव्या रिंगांना केग ल्यूब नावाचं वंगण लावलं, गॅसच्या ३० पीएसआय दाबाचा एक झटका देऊन झाकण बसवलं, मग साबणाचं पाणी फवारून बुडबुडे येतात का ते बघितलं. घरी गॅस सिलिंडरच्या नळीला आई असाच साबण लावायची. रिंगांचा पूर्ण संच पाच डॉलरच्या आत. गॅस आणि बिअरचे बॉल लॉक कनेक्टर दिसायला सारखेच, पण चुकीच्या पोस्टवर दाबून बसवले तर निघता निघत नाहीत, हेही त्यानेच बजावलं.

मग मी दहा गॅलनच्या नव्या केगची किंमत विचारली. अडीचशे डॉलरच्या वर. म्हटलं, द्या. त्याने कोपऱ्याकडे बोट केलं. तिथे तसाच एक केग पाण्याने भरून ठेवलाय. "आधी तो उचल. उचललास तर विकतो."

पाणीच ३८ किलो, वर केगचं वजन. आपला स्वयंपाकघरातला भरलेला सिलिंडर तीस किलोंच्या आसपास असतो, आणि तो आणणारा माणूस आपण नसतो. मी गुडघ्यापर्यंत आणला आणि माझ्या बेसमेंटच्या तेरा पायऱ्या आठवल्या. खाली ठेवला. गॅरेजमध्ये ठेवावा तर जानेवारीत इथलं गॅरेज म्हणजेच फ्रीझर.

शेवटी पाच-पाच गॅलनचे दोन जुने केग घेतले, धुऊन, तपासून, रिंगा बदलून दिलेले, प्रत्येकी ७० डॉलर. म्हणजे अडीचशे सोडून त्याने एकशे चाळीसच घेतले. पार्टीला एकात पेल एल जातीची बिअर होती, दुसऱ्यात आलं-लिंबाचा सोडा. बाबा दुसऱ्याच्या नळापासून हलले नाहीत. एकच मोठा केग असता तर ते शक्य नव्हतं.

बाकी सामानाचं बोलायचं तर माल्टची (मोड आणून वाळवलेल्या धान्याची) ५० पौंडांची गोणी इथूनच घ्यावी, ऑनलाइन घेतली तर पोस्टेजच अंगावर येतं. दळायला चक्की आहे, फुकट. स्टार सॅन, म्हणजे भांडी निर्जंतुक करायचं द्रावण, मोठ्या बाटलीत घ्या, पाच गॅलन पाण्याला एक औंस पुरतं. सिलिंडर बदलून मिळतो, फक्त आपला नवा चकचकीत देऊन जुना खरचटलेला घ्यायची तयारी हवी. घेताना खांद्यावरचा शिक्का वाचा, दर पाच वर्षांनी चाचणी व्हावी लागते. मला एकदा मुदत संपत आलेला दिला होता, दाखवल्यावर कुरकुर न करता बदलला.

सवलतीच्या टोपलीतले हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं) घेऊ नका, सुगंध गेलेला असतो. छोटे फिटिंग आणि नळ्या इथे महाग आहेत. तरुण पोऱ्या काउंटरवर असेल तर केगबद्दल विचारू नका, त्याला फक्त यीस्टमधलं कळतं. सोमवारी-मंगळवारी बंद. शनिवारी अकराच्या आत पोचा, नंतर चक्कीला रांग लागते आणि पार्किंग शेजारच्या लॉन्ड्रीवाल्याच्या मर्जीवर.