कायद्याची पदवी नसताना एसक्यूई १ चा ऑनलाइन कोर्स: पैसे वसूल होतात का?

मी बीएस्सी ॲग्री, राहुरीच्या विद्यापीठातून. लग्नानंतर नवऱ्याच्या नोकरीमुळे इंग्लंडला आले. हाउन्सलोमध्ये एका छोट्या सॉलिसिटर फर्ममध्ये आधी रिसेप्शनवर बसले, मग तिथेच घरांच्या खरेदी-विक्रीच्या फायली माझ्याकडे येऊ लागल्या. त्या फायलींनीच मला या वाटेवर आणलं. नोकरी सोडून वर्षभर कॉलेजात बसणं शक्य नव्हतं, म्हणून संध्याकाळचा ऑनलाइन कोर्स घेतला आणि जानेवारी २०२५ ची एसक्यूई १, म्हणजे इथे सॉलिसिटर (वकील) होण्याच्या परीक्षेचा पहिला टप्पा, दिली. दोन्ही पेपरांत पास झाले. हा त्या कोर्सचा रिव्ह्यू आहे. संस्थेचं नाव देत नाही, कारण याच साच्याचे कोर्स विकणाऱ्या बऱ्याच संस्था आहेत आणि खालचे प्रश्न त्या सगळ्यांनाच विचारायला हवेत.

ज्यांना ही वाट माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. इंग्लंड आणि वेल्समध्ये सप्टेंबर २०२१ पासून सॉलिसिटर होण्यासाठी एसक्यूई ही परीक्षा आली. पदवी लागते, पण ती कायद्याचीच हवी असं नाही. शेती, इतिहास, रसायनशास्त्र, काहीही चालतं. त्याशिवाय एसक्यूई १, एसक्यूई २ आणि दोन वर्षांचा प्रत्यक्ष कामाचा अनुभव. हा अनुभव जास्तीत जास्त चार ठिकाणचा मिळून धरता येतो, आणि पॅरालीगलचं, म्हणजे सॉलिसिटरच्या हाताखाली कायद्याचं काम करणाऱ्याचं, कामही त्यात मोजलं जातं. आमच्यासारख्यांसाठी ही फार मोठी गोष्ट आहे. पूर्वी एखाद्या फर्मनं ट्रेनिंग कॉन्ट्रॅक्ट (उमेदवारीचा करार) दिल्याशिवाय गाडी पुढे सरकत नसे. आता माझ्या आजच्या नोकरीचेच महिने जमा होतात आणि आमच्या सॉलिसिटर मॅडम त्यावर सही करू शकतात.

कायद्याची पदवी नसलेले बरेच जण आधी पीजीडीएल करतात, म्हणजे कायद्याचा पाया पक्का करून देणारा पदव्युत्तर डिप्लोमा. मोठ्या संस्थांत त्याला दहा हजार पौंडांच्या आसपास किंवा त्याहूनही जास्त मोजावे लागतात. मोठ्या फर्मनं आधीच निवडलं असेल तर तो खर्च सहसा फर्म उचलते. आमचं तसं नव्हतं. एसक्यूईला बसायला पीजीडीएलची सक्ती नाही. म्हणून मी थेट तयारीचा कोर्स घेतला, अडीच हजार पौंडांच्या आत. परीक्षेची फी वेगळी. माझ्या वेळी एकट्या एसक्यूई १ ची फी १,८८८ पौंड होती, त्यामुळे नापास होणं नुसतं मनाला नाही, खिशालाही लागतं. संधीही सहा वर्षांत तीनच.

आता कोर्स. छापील पुस्तकांचं एक खोकं घरी येतं, ॲपवर रेकॉर्ड केलेली व्याख्यानं, एक प्रश्नसंच, शेवटी दोन मॉक, आणि आठवड्यातून एकदा संध्याकाळी सातला लाइव्ह तास.

लाइव्ह तास हेच या कोर्सचं खरं मोल, आणि त्यातही जमिनीच्या कायद्याचे तास. शिकवणाऱ्या बाई यॉर्कशायरमध्ये वर्षानुवर्षं कन्व्हेयन्सिंग, म्हणजे घर-जमिनीच्या खरेदी-विक्रीचं कायदेशीर काम, केलेल्या सॉलिसिटर. त्यांनी पहिल्याच तासाला व्याख्या बाजूला ठेवल्या आणि दोन घरांची गोष्ट सांगितली. पहिलं घर बोलंड नवरा-बायकोचं. नोंद एकट्या नवऱ्याच्या नावावर, पण घेताना बायकोनंही पैसे घातलेले आणि ती तिथेच राहत होती. नवऱ्यानं तिला न सांगता बँकेकडे घर गहाण टाकलं, हप्ते थकले, बँक घर मागायला आली. बँकेनं बायकोला कधी काही विचारलंच नव्हतं. १९८० मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सनं (तेव्हा तेच सर्वोच्च न्यायालय होतं) निकाल दिला की तिचा हक्क बँकेला मानावाच लागेल. दुसरं घर फ्लेग यांचं. म्हाताऱ्या आईवडिलांनी स्वतःचं घर विकून लेक-जावयाबरोबर नवं घर घेतलं, निम्म्याहून जास्त पैसे त्यांचे, नाव मात्र फक्त लेक-जावयाचं. त्या दोघांनी आईवडिलांना अंधारात ठेवून कर्ज काढलं आणि ते बुडलं. १९८७ मध्ये आईवडील हरले. का? पहिल्या घरात कर्जाचे पैसे एकाच नोंदणीकृत मालकाच्या हातात गेले होते, दुसऱ्यात दोघांच्या. दोन ट्रस्टींच्या, म्हणजे इतरांच्या वतीनेही घर नावावर असलेल्या मालकांच्या, हाती पैसे दिले की मागच्या लोकांचा हक्क घरावरून सुटतो आणि पैशांवर जाऊन बसतो. पैसेच उरले नसतील तर हाती काही येत नाही.

मला त्या रात्री झोप लागली नाही. आपल्याकडे किती आईवडील पोराच्या नावावर फ्लॅट घेतात, आणि या देशात आलेले आपले लोकही तेच करतात! दुसऱ्या दिवशी ऑफिसात ‘घरात सतरा किंवा त्याहून जास्त वयाचं आणखी कोण राहतं?’ हा फॉर्मवरचा प्रश्न मी वेगळ्याच डोळ्यांनी वाचला. बाईंचं सूत्र एवढंच होतं: आधी विचारा, पैसे किती मालकांच्या हाती पडले. ओव्हररीचिंगवरचा (हक्क घरावरून सुटून पैशांवर जाण्याच्या याच नियमावरचा) प्रश्न पुढे कसाही फिरवून आला तरी मी तिथूनच सुरुवात करत गेले.

यात माझ्या घरच्या सवयीचाही हातभार लागला. सातबारा, फेरफार, बोजा हे शब्द कानावर पडतच मी वाढले. इथल्या लँड रजिस्ट्रीच्या उताऱ्याचे तीन भाग असतात. एकात मिळकतीचं वर्णन, दुसऱ्यात मालकाचं नाव, तिसऱ्यात गहाणखतासारखे बोजे. पाहताक्षणी ओळखीचं वाटतं, पण जोर वेगळा आहे. आपला सातबारा मुळात महसुली नोंद, मालकीचा शेवटचा पुरावा नव्हे. इथे नोंद झाली की मालकी झाली, आणि नोंदीतल्या चुकीमुळे कुणाचं नुकसान झालं तर भरपाईची तरतूद २००२ च्या जमीन नोंदणी कायद्यात आहे. हा फरक मला कोर्समध्ये कुणी सांगितला नाही, सांगण्याचं कारणही नव्हतं. पण महाराष्ट्रातून आलेल्या विद्यार्थ्यानं तो सुरुवातीलाच मनात पक्का करावा.

सॉलिसिटर अकाउंट्सचे तासही तोडीस तोड होते. क्लायंटचे पैसे आणि फर्मचे पैसे यांची सरमिसळ होऊ द्यायची नाही, हा या पेशाचा कणा. आयुष्यात कधी खतावणी न लिहिलेल्या मला त्यांनी कागदावर नोंदी करायला लावून तो विषय शिकवला.

पण करार आणि टॉर्ट (दुसऱ्याचं नुकसान केलं की येणाऱ्या दिवाणी जबाबदारीचा कायदा)? तिथे हा कोर्स आम्हाला वाऱ्यावर सोडतो. हे विषय ‘उजळणी’ म्हणून दिले आहेत. कायद्याच्या पदवीधरानं तीन वर्षांत जे शिकलंय ते काही तासांच्या रेकॉर्डिंगमध्ये, तेही घाईत. ज्यानं कन्सिडरेशन (करारातला मोबदला) ही कल्पनाच पहिल्यांदा ऐकली त्याला उजळणी कसली करायची? राज्यघटना आणि प्रशासकीय कायद्यावर तर नुसत्या नोट्स. जाहिरातीत मात्र ‘कोणत्याही शाखेच्या पदवीधरांसाठी’ असं ठळक लिहिलेलं होतं. मी ग्रंथालयातून करार आणि टॉर्टची पदवीची पाठ्यपुस्तकं आणली आणि रविवार त्यांना दिले. तो वेळ या कोर्सच्या किमतीत धरायला हवा.

दुसरी तक्रार जास्त गंभीर आहे. मृत्युपत्राविना कुणी गेलं आणि मागे जोडीदार व मुलं असतील, तर जोडीदाराला वैयक्तिक वस्तू, एक ठरलेली रक्कम आणि उरलेल्यातला निम्मा वाटा मिळतो. ही ठरलेली रक्कम २६ जुलै २०२३ पासून ३,२२,००० पौंड आहे. माझ्या पुस्तकात जुनी २,७०,००० च होती. परीक्षेला मात्र पहिल्या पेपरच्या चार महिने आधी जो कायदा लागू असेल तो धरतात, म्हणजे नवाच आकडा. मी संस्थेला कळवलं. बऱ्याच दिवसांनी ‘नोंद घेतली’ एवढंच उत्तर आलं आणि परीक्षेपर्यंत पुस्तकातला आकडा तोच राहिला. त्यानंतर पुस्तकातला प्रत्येक आकडा मी सरकारच्या लेजिस्लेशन डॉट गव्ह डॉट यूके या मोफत संकेतस्थळावर पडताळून पाहिला. तुम्हीही पाहा.

एका आकड्यानं काय बिघडतं ते सांगते, कारण प्रश्नसंचाचं दुखणंही त्यातच दिसतं. संचातला प्रश्न सरळ असतो: ‘जोडीदाराला मिळणारी ठरलेली रक्कम किती?’ परीक्षेतले प्रश्न बाहेर सांगता येत नाहीत, पण एसआरएनं, म्हणजे सॉलिसिटरांवर देखरेख करणाऱ्या संस्थेनं, प्रसिद्ध केलेल्या नमुन्यांच्या धर्तीवर मी एक रचते. एक गृहस्थ मृत्युपत्र न करता वारले. मागे बायको आणि दोन सज्ञान मुलं. चार लाखांचं घर बायकोबरोबर जॉइंट टेनन्सीनं (एक गेला की सगळं दुसऱ्याचं, अशा संयुक्त मालकीनं), आणि स्वतःच्या एकट्याच्या नावावर देणी वजा जाता बँकेत ५,२२,०००. प्रत्येक मुलाला किती? घर वारसाहक्कात येतच नाही, ते आपोआप बायकोचं होतं. ५,२२,००० मधून ३,२२,००० बायकोला, उरलेल्या दोन लाखांतले एक लाख तिला, एक लाख मुलांत, म्हणजे प्रत्येकी ५०,०००. जुना आकडा धरलात तर उत्तर येतं ६३,०००. घर मिळवून घेतलंत तर १,५०,०००. पाच पर्यायांत ही सगळी उत्तरं तुमची वाट बघत असतात. आणि एका सत्रात असे ९० प्रश्न, वेळ २ तास ३३ मिनिटं, म्हणजे प्रश्नाला पावणेदोन मिनिटंही नाहीत. एका पेपरची दोन सत्रं, पेपर दोन, एकूण ३६० प्रश्न, तेही पुस्तक न उघडता. संस्थेच्या संचावर चांगले मार्क पडले म्हणून निर्धास्त राहू नका. एसआरएच्या संकेतस्थळावरचे नमुना प्रश्न मोफत आहेत आणि परीक्षेच्या सगळ्यात जवळ जातात. ते सुरुवातीला पाहून घ्या आणि शेवटच्या महिन्यात वेळ लावून सोडवा.

माझ्या बैठकीला उत्तीर्ण होणारे ५६ टक्के होते, त्याआधीच्या जुलै २०२४ ला ४४. तयारीचा कोर्स निवडणं का महत्त्वाचं आहे ते यावरून कळेल.

पाचपैकी तीन देते. तीनही गुण शिकवणाऱ्यांचे, संस्थेचा त्यात वाटा कमी. कायद्याची पदवी आधीच असेल तर हा कोर्स पुरेसा आहे, बिनधास्त घ्या. पदवी नसेल आणि फर्म पीजीडीएलचा खर्च देत असेल तर पीजीडीएलच करा. दोन्ही नसेल, माझ्यासारखं नोकरी आणि घर सांभाळून करायचं असेल, तर घ्या, पण पैसे भरण्याआधी चार गोष्टी लेखी मागा: करार, टॉर्ट आणि जमिनीच्या कायद्याचे लाइव्ह तास किती, पुस्तकं कोणत्या तारखेपर्यंतच्या कायद्याची आहेत, चूक कळवल्यावर दुरुस्ती कुठे आणि किती दिवसांत दिसते, आणि पहिला तास फुकट बसून ऐकता येतो का. माझ्या एका मैत्रिणीनं (ती संगीताची पदवीधर, आता रीडिंगमध्ये कौटुंबिक कायद्याच्या फर्ममध्ये पॅरालीगल आहे) दुसऱ्या संस्थेला हेच विचारलं. त्यांनी करार आणि टॉर्टचं पूर्ण वेळापत्रक पाठवलं आणि तिनं तिथेच नाव घातलं.

एसक्यूई २ साठी मी याच संस्थेकडे परत जाणार नाही. तिथे बारा लेखी आणि चार तोंडी कामं असतात: क्लायंटची मुलाखत, युक्तिवाद, पत्र, मसुदा. माझं लिहिलेलं पत्र कुणीतरी ओळ न् ओळ वाचून परत द्यायला हवं, आणि यांच्या एसक्यूई २ च्या पॅकेजमध्ये तपासून मिळणारी उत्तरं मोजकीच आहेत. यॉर्कशायरच्या त्या बाई स्वतंत्रपणे शिकवतात का, याची मात्र चौकशी चालू आहे.