आयईएलटीएस वाचनाचे सराव-ॲप: वर्गणी पुढे चालू न ठेवण्याचे कारण

आयईएलटीएस या इंग्रजी भाषेच्या परीक्षेतील वाचन विभागाचा सराव करून घेणारे एक ॲप मी वापरत होते. गेल्या आठवड्यात त्या ॲपकडून वर्गणी संपत आल्याची सूचना आली आणि सोबत वार्षिक योजनेवर भरघोस सवलतही देऊ केली होती. अनेक महिने नियमित वापर केल्यानंतर मी ती नाकारली. ॲपचे नाव सांगण्यापेक्षा अशा कोणत्याही ॲपमध्ये पैसे भरण्यापूर्वी काय तपासावे हे सांगणे मला अधिक उपयोगाचे वाटते.

मी परिचारिका आहे. ब्रिटनमध्ये नोंदणी करण्यासाठी तेथील नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल ही परिचारिकांची नोंदणी करणारी संस्था आयईएलटीएसच्या ‘ॲकॅडमिक’ प्रकारात वाचन, श्रवण आणि संभाषण यांत प्रत्येकी ७ आणि लेखनात ६.५ बँड (० ते ९ या मापावरील श्रेणी) मागते. वाचनात ७ बँड म्हणजे ४० पैकी साधारण ३० उत्तरे बरोबर. माझे गुण या तिशीच्या जरा अलीकडे अडकलेले होते. परीक्षेचे शुल्कच १७-१८ हजार रुपयांच्या घरात असल्यामुळे, ते दुसऱ्यांदा भरावे लागू नये म्हणून तयारीवर थोडा खर्च करणे मला हिशेबाला धरून वाटले.

ॲपची सर्वांत चांगली बाजू म्हणजे त्याचा पडदा. संगणकावरील प्रत्यक्ष परीक्षेप्रमाणेच डावीकडे पॅसेज (उतारा), उजवीकडे प्रश्न, वरच्या बाजूला उरलेला वेळ दाखवणारे घड्याळ आणि मजकूर रंगवून ठेवण्याची सोय येथे लॅपटॉपवर मिळते. कागदावर पेन्सिलीने अधोरेखित करण्याची सवय असलेल्या व्यक्तीला ६० मिनिटे पडद्यावर तीन पॅसेजमधले मिळून अडीच हजारांच्या आसपास शब्द वाचणे किती थकवणारे असते, हे सरावाशिवाय कळत नाही. शिवाय कोणत्या प्रकारच्या प्रश्नावर किती वेळ गेला हे ॲप दाखवते. परिच्छेदांना शीर्षके जुळवण्यात माझा वेळ सर्वाधिक जातो हे त्यावरूनच कळले, आणि मी क्रम बदलला: ज्यांची उत्तरे सहसा पॅसेजच्या क्रमाने येतात असे वाक्यपूर्तीचे प्रश्न आधी सोडवायचे आणि शीर्षके नंतर, कारण तोपर्यंत पॅसेजचा बराचसा भाग वाचून झालेला असतो. तिसरा पॅसेज बहुधा सर्वांत कठीण असल्याने त्याच्यासाठी २५ मिनिटे राखून ठेवण्याची शिस्तही येथेच लागली. एवढ्यासाठी दिलेले पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही.

माझी तक्रार ‘ट्रू, फॉल्स, नॉट गिव्हन’ या एकाच प्रश्नप्रकाराविषयी आहे. चाळीसपैकी असे प्रश्न मोजकेच असतात, त्यामुळे त्यावर इतका वेळ कशाला घालवायचा, असे कोणी विचारेल. परंतु ज्याचे गुण तिशीच्या उंबरठ्यावर आहेत त्याचे दोन-तीन गुण नेमके येथेच जातात, आणि हेच कौशल्य शिकवण्याचे आश्वासन देऊन हे ॲप पैसे घेते.

या प्रकारात दिलेले विधान पॅसेजशी ताडून पाहायचे असते. फरक सूक्ष्म आहे, पण संदिग्ध नाही. विधान मजकुराशी जुळत असेल तर ‘ट्रू’, मजकुराच्या विरोधात जात असेल तर ‘फॉल्स’, आणि मजकूर त्याविषयी काहीच ठरवू देत नसेल तर ‘नॉट गिव्हन’. मजकुरात म्हटले आहे की एका दशकात मधमाश्या कमी झाल्या आणि त्याच दशकात कीटकनाशके आली. विधान म्हणते की कीटकनाशकांमुळे मधमाश्या कमी झाल्या. मजकुराने कारण सांगितलेले नाही आणि नाकारलेलेही नाही, म्हणून ‘नॉट गिव्हन’. आपल्या सामान्य ज्ञानाला ते कितीही खरे वाटले तरी उत्तर बदलत नाही. याउलट मजकूर म्हणतो की त्या प्रदेशातील बहुतेक मधमाश्या एकट्या राहतात, सगळ्या नव्हे, आणि विधान म्हणते की सर्वच एकट्या राहतात. हे सरळ ‘फॉल्स’ आहे. ॲपने या दुसऱ्या धर्तीच्या विधानांना वारंवार ‘नॉट गिव्हन’ ठरवले, आणि उत्तरापुढे स्पष्टीकरणाची एक ओळही दिली नाही.

मी मजकुरातील ओळी उद्धृत करून ग्राहक सेवेला सविस्तर पत्र लिहिले. उत्तर आले की सर्व प्रश्न तज्ज्ञांनी तपासलेले आहेत. कोणत्या ओळीवरून हे उत्तर निघते एवढेच सांगा, असे मी पुन्हा विचारले, तेव्हा तोच मजकूर पुन्हा आला. दूरध्वनीवर बोलणाऱ्या व्यक्तीने मला वार्षिक योजना सुचवली. दुरुस्ती झाली नाही, आणि तो प्रश्नसंच आजही तसाच आहे. पैसे भरून वापरणाऱ्या माणसाने चूक पुराव्यासह दाखवली असता ती वाचण्याचीही तसदी न घेणे मला अतिशय खटकले.

सुरुवातीला माझे मत असे होते की ॲपचा दोष स्पष्टीकरण नसण्याचा आहे. पुढे परीक्षा घेणाऱ्या संस्थांनीच उपलब्ध करून दिलेले सराव-संच सोडवू लागले, तेव्हा ते मत बदलले. त्यांतल्या काहींच्या मागेही नुसती उत्तरेच असतात. पण उत्तर विश्वासार्ह आहे हे माहीत असल्यामुळे अर्धा तास लागला तरी चालेल, त्यामागचे कारण आपण मजकुरातून शोधून काढतो, आणि त्या शोधातच समज पक्की होते. उत्तरच शंकास्पद असेल तर बरोबर विचार करणारा विद्यार्थी स्वतःचा विचार मोडून चुकीच्या उत्तराला जुळवून घेऊ लागतो. वॉर्डमध्ये थर्मामीटर नसेल तर आम्ही दुसरा मागवतो. चुकीचे तापमान दाखवणारा असेल तर त्याच आकड्यावर औषध दिले जाते.

आणखी दोन दोष थोडक्यात. ‘दोन शब्दांपेक्षा अधिक नको’ अशी सूचना असतानाही ॲपने तीन शब्दांचे उत्तर बरोबर धरले. प्रत्यक्ष परीक्षेत शब्दमर्यादा ओलांडली किंवा स्पेलिंग चुकले की तो गुण मिळत नाही. तसेच ॲकॅडमिक आणि जनरल ट्रेनिंग या परीक्षेच्या दोन्ही प्रकारांसाठी ॲपमध्ये गुणांचे बँडमध्ये रूपांतर एकाच तक्त्याने केले जाते, ही उघड चूक आहे, कारण ॲकॅडमिकमध्ये ३० गुणांना साधारण ७ बँड मिळतो, तर जनरल ट्रेनिंगमध्ये तेवढ्याच गुणांना ६.

आता मी अधिकृत संच वापरते आणि माझे गुण तिशीच्या पुढे टिकू लागले आहेत. ब्रिटिश कौन्सिल आणि आयडीपी यांच्या संकेतस्थळांवर नमुना चाचण्या विनामूल्य मिळतात आणि त्या संगणकावरही सोडवता येतात, त्यामुळे पडद्याच्या सवयीची बरीचशी गरज तेथेच भागते. तरीही ज्याला वेळेच्या विश्लेषणासाठी असे ॲप हवे असेल त्याने मासिक योजनाच घ्यावी, विनामूल्य भागातले ‘नॉट गिव्हन’चे प्रश्न आधी सोडवून त्यांची उत्तरे स्वतः मजकुराशी ताडून पाहावीत, आणि पैसे भरल्याच्या दिवशीच यूपीआयमधील ऑटोपे (वर्गणी आपोआप कापली जाण्याची सोय) बंद करावे. माझे ऑटोपे मी कालच बंद केले.